हिवाळ्यात त्वचेसाठी गोळ्या : कोणाला हव्यात, कोणाला नकोत?

थंडी वाढली की ओठ उलतात, टाचांना भेगा पडतात, हातापायांवर नख लागले तरी पांढरी रेघ उठते. अशा वेळी पुष्कळजण औषधाच्या दुकानातून जीवनसत्त्वांच्या कॅप्सूल आणून घेतात. ‘ताकदीचीच गोळी, बाधणार थोडीच?’ हा समज मात्र खरा नाही.

हिवाळ्यात त्वचा कोरडी पडते ती मुख्यतः बाहेरच्या कारणांनी. कोरडी हवा त्वचेतील पाणी शोषून घेते. हे पाणी धरून ठेवणारा नैसर्गिक स्निग्ध थर कढत पाण्याने व जास्त साबणाने धुऊन निघतो. म्हणून पहिला उपायही बाहेरूनच करावा. आंघोळ कोमट पाण्याने करावी. अंग टिपून, ते ओलसर असतानाच खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावावे. टाचांच्या भेगांना रात्री कोकमाचे तेल लावावे.

मग गोळ्या निरुपयोगी आहेत काय? तसे नाही. शरीरात उणीव असेल तर त्यांचा निश्चित उपयोग होतो. काही मुलांच्या कोपरांवर व गुडघ्यांवर बेडकाच्या पाठीसारखे खरखरीत पुरळ येते. त्यांच्या आहारात तेल, ‘अ’ किंवा ‘ब’ जीवनसत्त्व कमी पडत असण्याची शक्यता असते. फार दारू पिणाऱ्यांची उन्हात उघडी राहणारी त्वचा काळवंडून सोलते, तेव्हा नायसिन या ‘ब’ गटातील जीवनसत्त्वाची उणीव असू शकते. मात्र उणीव आहे की नाही, हे डॉक्टरांनी तपासून ठरवावे.

सर्वांत जपून घ्यावयाचे ते ‘अ’ जीवनसत्त्व. जास्त झाले तर ते लघवीवाटे निघून जात नाही, यकृतात साठते. गंमत अशी, की ते अति झाल्यास ओठ फुटतात, त्वचा कोरडी पडते व केस गळतात. म्हणजे ज्या तक्रारीसाठी गोळी सुरू केली, तीच वाढते! गरोदरपणात, विशेषतः पहिल्या तीन महिन्यांत, मोठ्या मात्रेमुळे बाळात जन्मजात व्यंग निर्माण होऊ शकते. गरोदर स्त्रीने दिवसाला १०,००० युनिटपेक्षा अधिक घेऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. बाजारातील एकाच कॅप्सूलमध्ये याहून कितीतरी अधिक मात्रा असू शकते. कॉड लिव्हर ऑइलमध्येही हे जीवनसत्त्व असते. तेव्हा दिवस गेलेल्या किंवा मूल हवे असलेल्या भगिनींनी अशा कॅप्सूल परस्पर घेऊ नयेत. नऊ महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांना आरोग्य केंद्रात दिला जाणारा ‘अ’ जीवनसत्त्वाचा डोस मात्र अवश्य द्यावा.

केसांसाठी व त्वचेसाठी बायोटिनच्या गोळ्याही खपतात. त्यांमुळे थायरॉइडसारख्या काही रक्ततपासण्यांचे निष्कर्ष चुकू शकतात. गोळी चालू असल्यास तपासणीपूर्वी डॉक्टरांना सांगावे.

भाज्यांतून धोका नाही. गाजर, लाल भोपळा व पालेभाज्या यांतील रंगद्रव्यापासून शरीर गरजेपुरतेच ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. जोडीला तीळ, जवस, शेंगदाणे, आवळा, पेरू, दूध, अंडी असावीत.

शेवटी, कोरडेपणा दरवेळी थंडीचाच नसतो. त्यासोबत थकवा, बद्धकोष्ठ असेल व वजन वाढत असेल, तर थायरॉइड तपासावे. फिकट किंवा लालसर चट्ट्याला स्पर्श कळत नसेल, तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्यावी. त्यावर सरकारी दवाखान्यात मोफत उपचार मिळतात. मधुमेहींनी पायाच्या भेगा ब्लेडने तासू नयेत. पाय रोज पाहावेत आणि भेगेतून पाणी, रक्त वा पू येऊ लागल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. तिथे कॅप्सूलची वाट पाहणे पायावर बेतू शकते.