आर्वीची तबकडी आणि व्हिसाची तारीख

नारायणगावजवळच्या आर्वीत १९७१ साली ‘विक्रम’ उपग्रह भूकेंद्र सुरू झालं. देशातले परदेशी फोन तिथल्या अँटेनाच्या तबकडीवरून आकाशात जाऊ लागले. लंडनचं बोलणं जुन्नर तालुक्यातल्या रानावरून जायचं, आणि त्याच रानात खुरपणाऱ्या बाईला मुंबईतल्या नवऱ्याची खुशाली कळायची ती मनीऑर्डरच्या कुपनावरच्या चार ओळींतून.

जुन्नर-आंबेगावला नवराबायकोची ताटातूट नवी नाही. गिरणीत, भाजीबाजारात, डब्यांच्या धंद्यात इथली कितीतरी माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला राहिली आणि बायका शेतीवर. अडचण होती मुंबईतल्या खोलीची. पण मनात आलंच, तर बाई पोराला कडेवर घेऊन माळशेजमार्गे कल्याणची एसटी पकडू शकत होती. कागद दाखव म्हणणारं वाटेत कुणी नव्हतं.

कागद आला तो पोरं इंजिनिअर झाल्यावर. अमेरिकेच्या १९९० च्या कायद्यातून तात्पुरत्या नोकरीचा एच-१बी व्हिसा आला; तो मिळालेल्याच्या बायकोसाठी एच-४ होता. या एच-४ वर सोबत राहता येई, नोकरी करता येत नसे. त्याहून विचित्र गोष्ट ग्रीन कार्डाची. तात्पुरत्या एच-१ वाल्याची बायको काही आठवड्यांत विमानात बसे. पण ग्रीन कार्ड, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, मिळालेल्यानं नंतर लग्न केलं, तर तिला कोट्याच्या रांगेत वर्षानुवर्षं थांबावं लागे. म्हणून तिकडचे जाणते सांगत, ‘कार्ड हातात पडायच्या आत लग्न उरकून घे.’ आपल्याकडे पत्रिका जुळवताना मंगळ पाहतात. या लग्नांत मुलाची फाईल कुठवर आली हेही पाहावं लागे. २००० च्या डिसेंबरात अमेरिकेनं अशा ताटकळलेल्यांसाठी व्ही व्हिसा काढला, पण तो २१ डिसेंबर २००० पर्यंत अर्ज दाखल झालेल्यांपुरताच. त्यानंतरच्यांना पुन्हा रांग.

बाकीच्या देशांनी आपापल्या चाळण्या लावल्या. जर्मनीनं २००७ पासून जोडीदाराला ए-१ पातळीचं जर्मन यायला हवं अशी अट घातली. उच्चशिक्षितांसाठीचं ब्लू कार्ड मिळालेल्याची बायको मात्र त्यातून सुटली. ब्रिटननं २०१२ मध्ये तिथल्या जोडीदाराची वार्षिक मिळकत किमान १८,६०० पौंड हवी असं ठरवलं आणि एप्रिल २०२४ पासून आकडा २९,००० वर नेला. आखातात तर पगार पाहूनच कुटुंब-व्हिसा. भाषा, पैसा, हुद्दा. ज्याच्याकडे हे आधीच आहे त्यालाच संसारही लवकर मिळतो, असा सगळ्याचा हिशेब.

आणि हे सगळं सुरू होतं ग्रामपंचायतीत. खेड्यात विवाहनोंदणी ग्रामसेवकाकडे. त्या दाखल्यावर मंत्रालयाची, मग परराष्ट्र खात्याची मोहोर लागते. दुबईला जायचं तर वकिलातीचीही. सासरी नाव बदलायची आपली रीत इथे नडते. दाखल्यावर एक नाव, पासपोर्टवर दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरं, आणि समोरच्या खिडकीतल्या माणसाला या तीन बायका वाटतात.

उलट्या दिशेनं येणाऱ्यांचंही सांगायला हवं. परदेशी सून आली तर आधी एंट्री व्हिसा. नोंदलेलं लग्न सलग दोन वर्षं टिकलं की तिला ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्डासाठी अर्ज करता येतो. त्यावर ती घर घेऊ शकते, शेतजमीन विकत घेऊ शकत नाही. द्राक्ष-टोमॅटोच्या या पट्ट्यात सुनेसाठी ही काही बारीकशी अट नव्हे.

सर्वांत वाईट काळ २०२० च्या करोनासाथीचा. मार्चअखेर विमानं बंद, वकिलाती बंद. २२ जूनच्या ट्रम्प यांच्या आदेशानं नव्या एच-१बी, एच-४ वाल्यांना प्रवेशच थांबला, तो ३१ मार्च २०२१ पर्यंत. लग्नाला किंवा बाळंतपणाला देशात आलेल्या किती जणी शिक्क्यावाचून अडकल्या, नवरा तिकडे एकटा. तो आदेश संपतो न संपतो तोच मे २०२१ मध्ये भारतातून अमेरिकेत जाणाऱ्यांवर वेगळी बंदी आली, नोव्हेंबरात उठली.

एच-४ वर बंद असलेलं नोकरीचं दार मे २०१५ मध्ये उघडलं होतं, पण नवऱ्याचं ग्रीन कार्ड बऱ्याच पुढच्या टप्प्यावर असलेल्या बायकांपुरतंच. त्यावरही दहा वर्षं दावा चालला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकी सर्वोच्च न्यायालयानं तो ऐकायला नकार दिला, तेव्हा ते दार टिकलं. त्याआधीच, सप्टेंबरात, अमेरिकेबाहेरून नव्यानं येणाऱ्या एच-१बी साठी एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली होती. डिसेंबरात एच-१बी, एच-४ च्या अर्जदारांची समाजमाध्यमं तपासायला सुरुवात झाली आणि ठरलेल्या मुलाखती काही महिन्यांनी पुढे गेल्या.

त्यामुळे आता मंचर-नारायणगावकडच्या एखाद्या घरात गुरुजींना बोलावण्याआधी मुलाला फोन जातो, मुंबईच्या अमेरिकी वकिलातीची तारीख कधीची मिळतेय म्हणून. मुहूर्त त्यानंतर.