दगड नव्हे, जीव!



माझे बाबा मालवणला पर्यटकांना होडीतून समुद्रात नेतात. दिवाळीच्या सुट्टीत मीही गेले होते. परत निघताना बाबांनी नांगर ओढला, तर त्याला पोवळ्याचा तुकडा अडकून आला. मी ओरडले, “बाबा, पोवळा मोडला!” बाबा हसले. “अगो, दगडाक काय होतला?” म्हणाले आणि त्यांनी तो पाण्यात टाकला.

शाळेत मी गुरुजींना विचारले. त्यांनी सांगितले ते असे.

पोवळे म्हणजे प्रवाळ. तो दगड नाही, झाडही नाही. पुष्कळ चिमुकले प्राणी एकत्र राहून चुन्याची घरे बांधतात. घरांवर घरे चढून प्रवाळाचे खडक बनतात. घुमटासारखा प्रवाळ वर्षाला साधारण १ सेंटिमीटर वाढतो. म्हणजे हातभर प्रवाळ माझ्या आजीपेक्षा थोडाच लहान!

या प्राण्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते उन्हात अन्न तयार करून त्यांना देते. रंगही त्याचाच. पण पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा १ अंशाने जास्त तापले व काही आठवडे तसेच राहिले, तर शेवाळ बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढराफटक पडतो. तो लगेच मरत नाही, पण उपाशी राहतो. पाणी लवकर निवले तर वाचतो, नाहीतर मरतो. लक्षद्वीपला १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली असेच झाले.

समुद्र का तापतो? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून निघणाऱ्या वायूंमुळे पृथ्वीची उष्णता अडकते. त्यातली ९० टक्क्यांहून जास्त उष्णता समुद्र पोटात घेतो.

समुद्रातील सुमारे पाव जातींचे जीव प्रवाळाच्या आसऱ्याने राहतात. प्रवाळ गेला तर मासळीही जाईल. मग आपण काय खायचे नि काय विकायचे?

म्हणून आपण एवढे करू या :

१) नांगर वाळूत टाकावा किंवा होडी बोयाला बांधावी.
२) प्रवाळावर उभे राहू नये, तो तोडू नये.
३) प्लॅस्टिक व घाण पाणी समुद्रात सोडू नये.
४) वीज व इंधन जपून वापरावे. मोठमोठ्या देशांनी आणि कारखान्यांनी तर धूर कमी केलाच पाहिजे.

हे मी घरी सांगितले. बाबा म्हणाले, “समुद्रच तापलो तर वाळूत नांगर टाकून काय उपयोग?” मी गुरुजींना विचारले. ते म्हणाले, “तापाने आजारी असलेल्या माणसाला आपण वर मारतो का? धडधाकट प्रवाळ ताप सोसून पुन्हा उभा राहू शकतो.”

आता बाबा वाळू बघूनच नांगर टाकतात. पालकांनो, तुम्हीही टाकाल ना?

— एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी