गोदावरीचा जमाखर्च

वडवणीच्या शिवारातून गोदावरी वाहत नाही. तरीही येथे पडणाऱ्या पावसाची वाट अखेर तिच्याकडेच जाते. वडवणी परिसरातील कुंडलिका सिंदफणेला मिळते आणि सिंदफणा माजलगाव तालुक्यातील मंजरथ येथे गोदावरीत विलीन होते. म्हणून गोदावरीचा विचार हा आपल्याही घरचा विचार आहे.

त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणारी ही नदी अरबी समुद्र जवळ असूनही त्याकडे पाठ फिरवते आणि सुमारे १४६५ किलोमीटर पूर्वेकडे वाहत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. तिचे खोरे सुमारे ३ लाख १२ हजार चौरस किलोमीटर आहे, म्हणजे देशाच्या भूमीचा जवळजवळ दहावा हिस्सा.

तिच्या काठचे पैठण, म्हणजे प्राचीन प्रतिष्ठान, ही सातवाहनांची राजधानी. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे तेर, या पेठांची नोंद आहे. पैठणहून गोमेदासारखे मौल्यवान खडे आणि तेरहून कापड गाड्यांत भरून भडोच बंदराकडे जात असे. आजच्या बीडचा प्रदेश या दोन पेठांच्या मध्ये येतो. आपल्या भागातील व्यापाराची परंपरा किती जुनी आहे, हे यावरून ध्यानात यावे. जैन परंपरेतही प्रतिष्ठानाला आदराचे स्थान आहे. सातवाहन राजाच्या विनंतीवरून कालकाचार्यांनी भाद्रपद पंचमीऐवजी चतुर्थीला पर्युषणाची सांगता केली, ही कथा येथीलच. विसावे तीर्थंकर मुनिसुव्रतनाथ यांचे अतिशय क्षेत्रही पैठणलाच आहे.

याच पैठणला १९६५ मध्ये जायकवाडी धरणाची पायाभरणी झाली आणि १९७६ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. धरण पैठणला आणि नाव जायकवाडी, याचे अनेकांना नवल वाटते. निजामाच्या राजवटीत हे धरण बीड जिल्ह्यातील जायकवाडी गावाजवळ बांधण्याचा बेत होता. पुढे जागा नदीच्या वरच्या अंगाला सरकली, नाव मात्र तेच राहिले. बीडचा हिस्साही राहिला: पैठणचा १३२ किलोमीटर लांबीचा उजवा कालवा सिंदफणेवरील माजलगाव धरणात पाणी आणून सोडतो. आपण ओढ्यानाल्यांतून गोदावरीला देतो, ती कालव्यातून परत करते.

धरणाचा नाथसागर विस्तीर्ण पण उथळ आहे. १९८६ मध्ये तो पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. हिवाळ्यात येथे रोहित, चक्रवाक, तलवार बदक उतरतात. हिमालय ओलांडून पट्टकदंब येतात. उथळ पाण्यातील वनस्पती आणि सूक्ष्म जीव हेच त्यांचे अन्न. परंतु उथळपणामुळे बाष्पीभवनही मोठे होते आणि गाळ साठवणक्षमता घटवतो.

नदीच्या खतावणीत खर्च मात्र वाढतच आहे. वरच्या अंगाला नाशिक आणि नगरची धरणे, खालच्या अंगाला उसाचे मळे, शहरे आणि कारखाने. १५ ऑक्टोबरला जायकवाडीतील उपयुक्त साठा ६५ टक्क्यांहून कमी असल्यास वरच्या धरणांतून पाणी सोडावे, असे सूत्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाने २०१४ मध्ये घालून दिले. दुष्काळी वर्षांत त्यावरून दोन्ही बाजूंची तक्रार असते. २०१६ मध्ये गोदावरीचीच उपनदी असलेल्या मांजरेवरील धरण आटले आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. असा दुष्काळ शेतकऱ्याच्या बांधावर थांबत नाही. मोंढ्यातील आवक घटते, दुकानातील उधारी थकते आणि अनेक कुटुंबे ऊसतोडीसाठी गाव सोडतात.

मुद्दल खाऊन चाललेला व्यापार टिकत नाही, हे आपल्याला सांगावे लागत नाही. पावसाचे पाणी हे वर्षाचे उत्पन्न, तर भूजल हे मुद्दल. पाणी गाळून घ्यावे आणि गाळणीतील जीव, ती जिवाणी, ज्या विहिरीचे पाणी तिच्यातच परत सोडावी, असे आपल्या घरांत शिकवले गेले. जेथून घेतले तेथे काही परत द्यावे, हा त्यातील विचार. घराच्या छपराचे, दुकानाच्या आणि गोदामाच्या पत्र्यांचे पाणी यंदा विहिरीत वा कूपनलिकेशेजारील शोषखड्ड्यात उतरवले, तर वडवणीच्या बाजूने गोदावरीच्या खात्यात जमेची एक नोंद निश्चित पडेल.