नांदगावच्या गाडीतला नवा करार

रायपूरच्या पुरानी बस्तीत, महामाया मंदिरापासून हाकेच्या अंतरावर आमचं आजोळ. दुपारी जेवणं आटोपली की आजी लक्ष्मीबाई टिळकांची आत्मकथा ‘स्मृतिचित्रे’ मोठ्यानं वाचायची. राजनांदगावचा भाग आला की बोट ओळीवर ठेवून म्हणायची, “हे आपल्याकडचं बरं का!” रायपूरहून जेमतेम सत्तर किलोमीटर. मराठी ख्रिस्ती साहित्याचा इतिहास नगर-मुंबईचा म्हणून सांगितला जातो, छत्तीसगड त्यात ओझरता येतो. मला ते पटत नाही. त्या इतिहासातलं मोठं वळण इथल्याच वाटेवर आलं.

साल १८९३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावी १८६१ मध्ये जन्मलेले कवी नारायण वामन टिळक नोकरीसाठी नागपूरहून राजनांदगावला निघाले होते. संस्थान वैष्णव बैरागी महंतांचं, गादीवर राजा बलरामदास. आदल्याच वर्षी रायपूरला नळाचं पाणी आलं ते याच राजाच्या दानातून, त्या जलगृहाला नावही त्याचंच. गाडीत टिळकांची एका युरोपियन माणसाशी गाठ पडली. कवितेवर गप्पा रंगल्या. उतरताना त्या माणसानं नव्या कराराची प्रत हातात ठेवली आणि म्हणाला, हे मनापासून वाचाल तर दोन वर्षांत ख्रिस्ती व्हाल. टिळकांना ते अशक्य वाटलं. पण वाचीन म्हणून शब्द दिला होता, तो पाळला. सुरुवातीची पानं जड गेली. मत्तयातल्या डोंगरावरच्या प्रवचनाशी आले आणि पुस्तक खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या मुलखात मिशनरी त्याआधीच आले होते. ऑस्कर लोर १८६८ मध्ये रायपूरला पोचले आणि सतनामी लोकांमध्ये काम करायला त्यांनी बिश्रामपूर वसवलं. सतनामींच्या गुरू घासीदासांच्या ‘सतनाम’ या शब्दात मिशनऱ्यांना येशूचंच नाव ऐकू येत होतं. गोव्यात फादर स्टीफन्सनी हीच वाट फार आधी चोखाळली होती: १६१६ च्या ‘क्रिस्तपुराणा’त स्वर्गाला ‘वैकुंठ’ म्हटलं, तेही ओवीत. पण लोर काय, स्टीफन्स काय, दोघांनीही शब्द दुसऱ्यांच्या घरातून उचलले. टिळकांना उचलावे लागले नाहीत. अभंग, ओवी, कीर्तन ही त्यांची लहानपणापासूनची भाषा. तुकोबांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत, आणि म्हणूनच त्यांची भजनं आजही मराठी चर्चमध्ये टाळ-मृदंगावर शोभतात. १९१७ मध्ये त्यांनी ‘देवाचा दरबार’ उभा केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही तिथे जागा होती. त्या काळात ही मोठीच गोष्ट.

या सगळ्याची किंमत टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. बाप्तिस्म्याच्या बातमीनं घर मोडलं, नवरा-बायको काही वर्षं दुरावली. त्या परत आल्या, पुढे १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या, पण नवऱ्याच्या मागे फरपटत नव्हे, आपल्या पायांनी. मला तर या साऱ्या इतिहासात त्याच सर्वांत मोठ्या वाटतात. ९ मे १९१९ रोजी टिळक गेले तेव्हा त्यांचं ख्रिस्तचरित्रावरचं महाकाव्य ‘ख्रिस्तायन’ सुरुवातीच्या अध्यायांतच अडलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या, नवऱ्याकडून अक्षरं शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढे लेखणी धरली आणि चौसष्ट अध्याय लिहिले.