मक्याचा महाल आणि आपलं बियाणं



दसऱ्याला कोकणात नव्या भाताच्या लोंब्या दाराच्या तोरणात बांधतात. अमेरिकेत साउथ डकोटा राज्यातल्या मिचेल गावी मात्र अख्खी इमारतच मक्याच्या कणसांनी मढवतात! तिचं नाव कॉर्न पॅलेस, म्हणजे मक्याचा महाल. पहिला महाल १८९२ साली उभारला. आजची इमारत १९२१ सालची. आत खेळांचे सामने होतात, पण लोक जातात ते बाहेरच्या भिंती बघायला.

काम कसं चालतं पहा. भिंतीवर काळा डांबरी कागद ठोकतात. त्यावर चित्र आखून कुठं कोणता रंग, त्याची खूण घालतात. कारागीर कणीस उभं चिरतात आणि सपाट बाजू भिंतीकडे ठेवून खिळ्यानं ठोकतात. कडेच्या झालरीला राय, ओट आणि आपल्या आंबटचुक्याच्या भाऊबंदातलं एक तण. झालर आधी, कणसं पिकली की मग चित्रं. रंगाचा डबा नाही; पिवळा, पांढरा, लाल, निळा, काळा, सगळे रंग मक्याचेच. पाखरांची चंगळ होते, ते वेगळंच. २००६ साली कडक दुष्काळ पडला, तेव्हा नवी चित्रं झालीच नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, याचा आम्हाला काय उपयोग? उपयोग आहे. तिथं एका शेतात एकाच रंगाचा मका पेरतात. कारण मक्याचा तुरा शेंड्याला, कणीस खाली. तुऱ्यातले पराग वाऱ्यानं उडून शेजारच्या कणसाच्या केसरांवर पडतात. एक केसर, एक दाणा. पांढऱ्या मक्यावर पिवळ्याचे पराग पडले, तर त्याच हंगामात कणसात पिवळे दाणे दिसतात. लाल सालीचा रंग तेवढा लगेच दिसत नाही, म्हणून फसगत होते.

मधुमक्याचंही तेच. बांधापलीकडे साधा मका एकाच वेळी तुऱ्यावर आला, तर तुमच्या कणसातले काही दाणे पिठूळ होतात, गोडी जाते आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

तेव्हा बियाण्याचा मका दुसऱ्या मक्यापासून निदान २०० मीटर लांब पेरा. जागा नसेल तर शेजाऱ्याशी बोलून पेरणीत तीन ते चार आठवड्यांचं अंतर ठेवा. दोन्ही वाण एकदम तुऱ्यावर येता कामा नयेत. गावठी मक्याचं बी शेताच्या मधल्या भागातल्या चांगल्या ताटांवरून घ्या, कडेचं नको. वेगळ्या रंगाचे दाणे असलेलं कणीस बियाण्याला ठेवू नका, खायला घ्या. संकरित मक्याचं बी मात्र घरचं धरू नका, दरसाल नवीन आणा.