पोलादातले बांध

हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया वेधशाळा उभी राहते आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने २०२३मध्ये तिच्यासाठी २,६०० कोटी रुपये मंजूर केले. गुरुत्वीय लहरी टिपायला इथे ४ किलोमीटर लांबीच्या दोन निर्वात भुजा असतील.

अमेरिकेतल्या लायगो वेधशाळांमध्ये अशा भुजांच्या नळ्या ३०४एल स्टेनलेस स्टीलच्या आहेत. हे पोलाद म्हणजे सूक्ष्म स्फटिककणांची शेतंच. दोन कणांमधला बांध म्हणजे कणसीमा. हे बांध धातूला बळकटी देतात, पण गंजाची सुरुवातही तिथूनच होऊ शकते. वेल्डिंगच्या उष्णतेत कार्बन तिथलं क्रोमियम अडकवून ठेवतो आणि बांधालगतची पट्टी गंजापुढे उघडी पडते.

म्हणून ‘एल’ प्रकारात कार्बन ०.०३ टक्क्यांपर्यंतच ठेवतात.

या भुजांमध्ये प्रकाश परतवणारे लायगोचे आरसे मात्र शुद्ध सिलिका काचेचे. तिथे स्फटिककणच नाहीत, त्यामुळे प्रकाश विखुरणारे बांधही नाहीत.