खरूज आणि कारखान्याचा हिशेब

भिवंडीच्या यंत्रमाग धंद्यात सुताचा भाव, विजेचे बिल आणि कारागिरांची गैरहजेरी या तीन गोष्टी मालकाची झोप उडवतात. पहिल्या दोन्हींवर आपला इलाज चालत नाही. तिसरीचे एक कारण मात्र आपणच दिलेल्या खोलीत सापडते. ते म्हणजे खरूज.

काही वर्षांपूर्वी आमच्या एका कारागिराला खाज सुटली. कापसाची धूळ बाधली असेल म्हणून आम्ही दुर्लक्ष केले. त्याने दुकानातून कसलीशी ट्यूब आणली. चार दिवस आराम पडला, मग दुप्पट खाज. आम्ही त्याला गावी धाडले आणि सुटलो असे समजलो. महिन्याभरात त्या खोलीतले बाकीचे सातही जण खाजवू लागले. माग उभे राहिले, माल लांबला. डॉक्टरांनी आमचीच कानउघाडणी केली, "शेठ, माणूस गेला, पण रोग तेव्हाच बाकीच्यांच्या अंगात होता. आता त्याच्या घरीही पोचला असेल."

ओळखावी कशी?

खरूज अर्ध्या मिलिमीटरहून लहान किड्यामुळे होते. मादी कातडीत बोगदा करून अंडी घालते. खाज रात्री वाढते. बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, काखेत, कमरेला, जांघेत पुरळ येते. पहिल्या वेळी लागण झाल्यावर खाज सुटायला 4 ते 6 आठवडे लागतात, तोवर धडधाकट दिसणारा माणूसही रोग देतो. हा रोग मुख्यतः अंगाला अंग लागून पसरतो, कधी कधी अंथरुणातूनही. दिवसपाळीवाला उठतो आणि रातपाळीवाला त्याच गादीवर आडवा होतो, अशा खोल्यांत त्याला आणखी काय हवे?

अंगावरच्या उवा निराळ्या. त्या कपड्याच्या शिवणीत राहतात आणि रक्तापुरत्या अंगावर येतात. तिथे कपडे गरम पाण्यात धुणे आणि शिवणीवरून इस्त्री फिरवणे हाच मोठा इलाज.

इलाज एकाच दिवशी

खरजेवर डॉक्टर बहुधा 5 टक्के पर्मेथ्रिनचे मलम देतात. ते मानेपासून तळव्यापर्यंत, बेचक्यांत आणि नखांखालीही लावून 8 ते 14 तासांनी आंघोळ करायची, आठवड्याने पुन्हा तेच. खोलीतल्या सर्वांनी, खाज असो वा नसो, एकाच दिवशी लावले पाहिजे. आयव्हरमेक्टिनची गोळी वजन पाहून डॉक्टरच देतात, गरोदर बाई आणि लहान मुलांना ती सहसा देत नाहीत. कपडे, चादरी खूप गरम पाण्यात धुवाव्यात. धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर ठेवावे, अंगाबाहेर हा किडा सहसा दोन-तीन दिवसच जगतो. इलाजानंतरही दोन ते चार आठवडे खाज राहू शकते, म्हणून घाबरून मलम वारंवार लावू नये. स्टिरॉईडची ट्यूब तर स्वतःहून घेऊच नये, ती रोग झाकते, मारत नाही.

दोन्ही पाळ्यांना एकत्र मलम लावण्यासाठी आम्ही कारखाना एक दिवस बंद ठेवला आणि मजुरी कापली नाही. गावी धाडलेल्या कारागिराला घरच्यांच्या औषधाचे पैसे पाठवले, मग त्याला परत बोलावले. पहिल्याच दिवशी डॉक्टर गाठला असता तर आठ जणांचे मलम पुरले असते. आम्ही महिनाभराचा धंदा घालवून हे शिकलो. व्यापारी बंधूंनी फुकटात शिकावे.